अण्णांचे चार पाट

सोमवारी सकाळी दहाला दादाने सगळ्यांना वरच्या काचेच्या खोलीत बोलावलं, तेव्हाच मिस्त्रीने ओळखलं की निकाल लागलेला आहे, आता फक्त तो वाचून दाखवायचा बाकी आहे. दादाला खरंच काही विचारायचं असलं की तो खाली वर्कशॉपमध्ये येई, गाडीच्या टायरवर बूट ठेवून उभा राही आणि म्हणे, "काय मिस्त्री, काय म्हणतेय आपली राणी?" काचेच्या खोलीत बोलावलं की समजावं, कागद तयार आहे.

मिस्त्री ही दादाची सख्खी धाकटी बहीण. नवव्या वर्षी तिने वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मोटरसायकलचा कार्बोरेटर उघडून, साफ करून पुन्हा जोडून दाखवला होता आणि अण्णांनी त्याच दिवशी तिला हे नाव देऊन टाकलं होतं. आता पन्नाशी उलटली, अण्णांनी उभ्या केलेल्या रेसिंग टीमची ती मुख्य मेकॅनिक झाली, अण्णा जाऊन चार वर्षं झाली, तरी खऱ्या नावाने तिला फक्त बँकवाले हाक मारतात.

खोलीत दादा टेबलाच्या टोकाला बसला होता. शेजारी वहिनी लॅपटॉप उघडून. टीमची पत्रकं, फोटो, स्पॉन्सरांची सरबराई, सगळं वहिनीकडे. दाराजवळच्या खुर्चीवर मधला भाऊ अर्धवट टेकला होता, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं असा. शर्यतीच्या गावी गाडी नेणारा ट्रक तोच चालवतो. त्याला घरातली पोरं पाठीमागे होयबा म्हणतात आणि ते त्यालाही माहीत आहे. आणि काचेला पाठ लावून उभी होती या मधल्याची मुलगी, चिमणी, टीमची ड्रायव्हर. कालच्या आपटण्याने तिचं उजवं मनगट सुजलेलं होतं.

"सहा शर्यती झाल्या," दादाने सुरुवात केली. "सर्वांत चांगला नंबर चौदावा. दोनदा गाडी बाहेर. काल तर चौथ्याच फेरीत, टीव्हीवर, सगळ्यांदेखत उलटी टायरांच्या भिंतीत. मी कुणाला दोष देत नाही."

"मग कागदावर काय लिहिलंय, काका?" चिमणी म्हणाली.

दादाने कागद पालथा घातला. "उरलेल्या चार शर्यतींना आपण बाहेरचा ड्रायव्हर घेतोय. बोलणं झालंय. तू विश्रांती घे. पुढच्या मोसमाचं पुढे बघू."

पुढच्या मोसमाचं पुढे बघू याचा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होता. मोसमाच्या मध्यातच टीममधून काढलेल्या ड्रायव्हरला दुसरी टीम दारात उभी करत नाही. चोविसाव्या वर्षी पोरीचं नाव पुसलं जाणार होतं आणि तिचा सख्खा काका ते विश्रांती या शब्दात गुंडाळून देत होता.

"मी पहिल्या शर्यतीपासून एकच गोष्ट सांगतेय," चिमणीचा आवाज चढला. "डाव्या वळणावर गाडी वळतच नाही, सरळ निघते. उजव्या वळणावर मागून फिरते. दोन वळणांना दोन वेगळ्या गाड्या! तुम्ही एकदा तरी ऐकून घेतलंत?"

"गाडी एकच असते, चिमणे. दोन-दोन तऱ्हा माणसांच्या असतात." हा विनोद दादाने मोसमभर केला होता आणि मोसमभर त्यावर लोक हसले होते. आज कुणी हसलं नाही, म्हणून त्याने वर आणखी एक ठेवून दिला. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच आहे, दादा," मिस्त्री म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये नाही, मी खाली होते. सकाळी सहापासून. चल, दाखवते."

*

खालचा हॉल मोठा होता. मधोमध जमिनीत चार पोलादी चौकोन बसवलेले, गाडीच्या चार चाकांच्या मापाने. अण्णा त्यांना पाट म्हणायचे, कारण गाडी त्यांच्यावर बसायची. शर्यतीआधी प्रत्येक पाटावर एकेक वजनकाटा ठेवायचा, वर गाडी आणायची, कुठल्या चाकावर किती भार येतो ते वाचायचं आणि स्प्रिंग सैल-घट्ट करून तो भार वाटायचा. या चार पाटांवर अण्णांनी एकोणीस करंडक मिळवले. त्या घरात एक वेळ देवावर शंका घेतलेली चालली असती, पाटांवर नाही.

"काल शर्यत संपल्यावर मी निळ्या टीमकडे गेले," मिस्त्री म्हणाली. "मागचं बंपर सोडलं तर गाडी शाबूत होती. मागचं बंपर सोडलं तर गाडी शाबूत होती. म्हटलं, दहा मिनिटं तुमच्या काट्यांवर गाडी ठेवू द्या."

"निळ्यांकडे?" दादा थांबलाच. "हात पसरलेस आपल्या प्रतिस्पर्ध्यांपुढे?"

"पसरले. हसले ते, पण काटे दिले. मागच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या चाकावर पंधरा-पंधरा किलो भार जास्त आहे, दादा. ज्या गाडीचं वजन मी शुक्रवारी इथे किलोकिलोने जुळवलं, तिच्यावर."

"त्यांचे काटे चुकत असतील."

"मलाही तेच वाटलं! रात्रभर मी त्यांच्या काट्यांना शिव्या दिल्या. अण्णांचे पाट चुकतील हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पहाटे म्हटलं, एकदा पाण्याची नळी लावून पातळी तर बघू."

पाण्याने भरलेली पारदर्शक नळी तिने तशीच ठेवली होती, चार टोकांना खुणा करून. तीन पाटांवर पाणी एका रेषेत उभं होतं. मागच्या डाव्या पाटापाशी तिने काड्यापेटी काढली, दोन काड्या एकावर एक आडव्या ठेवल्या आणि बोट लावलं.

"एवढा खाली आहे. चार मिलिमीटर. डुगडुगणारं टेबल बघितलंयस ना? जो पाय आखूड, त्यावर भार येत नाही. या पाटावर चाक खाली बसतं, काटा वजन कमी दाखवतो, मग मी शहाणी स्प्रिंग कसून तिथे भार घालते. इथे गाडी सरळ दिसते आणि रस्त्यावर उतरली की वाकडी. सहा शर्यती मी स्वतःच्या हाताने हिला वाकडी गाडी दिली आणि आपण सगळे हिला म्हणालो, तुला चालवता येत नाही!"

चिमणी गुडघ्यावर बसली. दोन काड्यांकडे बघत राहिली. रडेल असं मिस्त्रीला वाटलं, पण पोरीच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती.

*

दादाला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं. अण्णा गेले तेव्हा टीम बंद पडायची वेळ आली होती. कोणी सावरली? दारोदार कोण फिरलं? काचेची खोली बांधली म्हणून सगळे नावं ठेवत होते, पण त्याच खोलीत बसून स्पॉन्सरांनी यंदाच्या सह्या केल्या. पाहुण्यांना वरून गाडी दिसली पाहिजे, ही त्याचीच युक्ती. जिना खाली उतरवायला जागा नव्हती, म्हणून...

म्हणून पाट सहा फूट सरकवले होते. मोसम सुरू व्हायच्या आधी. ते त्याला आत्ता, या क्षणी आठवलं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"पाट हलवले तेव्हा मी नव्हते," मिस्त्री बोलतच होती. "गुडघ्याचं ऑपरेशन होतं. परत आले तेव्हा जिना झाला होता, पाट बसले होते, फरशी चकचकीत होती. पण मी सुटत नाही यातून. मोसमाच्या पहिल्या दिवशी अण्णा काय करायचे, आठवतंय? सगळ्यांना गोळा करायचे, नळी लावायचे, चारही टोकांचं पाणी प्रत्येकाला दाखवायचे आणि मग पाट पुसायचे. चार वर्षं झाली, आपण नुसते पुसतो! चौघांच्या हातात चार पांढरी फडकी आणि वहिनी फोटो काढणार. मोजायचं गेलं आणि पुसायचं तेवढं राहिलं. मीसुद्धा पुसला. हाच, मागचा डावा, माझ्याच वाट्याला होता."

"झालं ते झालं," दादा म्हणाला. आवाजात त्याने मोठेपणा आणला. "चिमणी गाडीत राहील. बाहेरच्याला मी नाही म्हणून कळवतो. आज पाट काढा, नीट बसवा, विषय संपला."

त्याला वाटलं, आता सगळे सुस्कारा सोडतील. आपण एवढं मागे आलो म्हणजे खूप झालं.

"पत्रकात काय लिहायचं?" वहिनीने विचारलं.

"लिही, गाडीत काही तांत्रिक बदल केले."

*

वहिनी लॅपटॉप काखेत धरून जिन्याच्या तळाशी उभी होती. लग्न होऊन या घरात आल्याला तिला एकतीस वर्षं झाली, आणि नवऱ्याने सांगितलेलं गुळगुळीत करून लिहिणं हे तिचं काम झालं होतं. सांगितलेलं खरं आहे का, हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धत नव्हती.

"सहा पत्रकं लिहिली मी," ती म्हणाली. "सहाही वेळा तुम्ही सांगितलंत, ड्रायव्हरचा अंदाज चुकला असं घाल. मी घातलं. अनुभव कमी पडला, तेही घातलं. ही पोर माझ्या शेजारी बसून जेवते, आणि मी तिच्याबद्दल पेपरात असलं लिहून पाठवत होते. आता म्हणता, तांत्रिक बदल!"

"अगं, घरातली गोष्ट आहे. चव्हाट्यावर कशाला आणायची?"

"माझं नाव आणलंत ना चव्हाट्यावर?" चिमणी उठून उभी राहिली. "तेव्हा घर नाही आठवलं? मोसमभर मी उगाच आपटत होते आणि पुढच्या रविवारी उगाच सुधारणार? लोक काय म्हणतील, माहितेय? काकाने दम भरला, मग पोर सरळ आली. नको मला असली मेहेरबानी. पाट वाकडा होता असं लिहा."

"आणि टीमचं काय? ज्यांना स्वतःची जमीन सरळ करता येत नाही, त्यांच्या गाडीवर नाव कोण लावणार?"

"मग ते आधी सुचायला हवं होतं."

"तोंड सांभाळून बोल!"

"का सांभाळू? मी सांभाळलं की तुम्ही कागद काढता!"

दादा लालबुंद झाला. मग त्याने तेच केलं, जे घरातली थोरली माणसं अंगाशी आल्यावर करतात. त्याने दुसरं माणूस पुढे ढकललं. "ठीक आहे. लिहायचंच असेल तर पूर्ण लिहा. मुख्य मेकॅनिकने मोसमाआधी तपासणी केली नाही. चालेल?"

"लिही," मिस्त्री म्हणाली. "खोटं नाही ते."

"अर्धंच आहे ते!" चिमणी ओरडली. "आत्या, तू गप्प बस जरा. तू दवाखान्यात होतीस. पाट बसवले तेव्हा इथे कोण उभं होतं? गवंड्याला नीट बसलेत असं कोण म्हणालं?"

दादाने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. दाराशी मधला उभा होता. आपला मधला. साठ वर्षांच्या आयुष्यात दादाला या भावाने कधी दगा दिला नव्हता.

"हा होता. गवंड्यावर लक्ष ठेवायला मी यालाच ठेवलं होतं. सांग रे सगळ्यांना. नीट बसले होते ना चारही पाट? नंतर जमीन खचली असेल. हो ना?"

*

मधल्याला एवढंच म्हणायचं होतं, हो. तो शब्द त्याच्या जिभेवर कायम तयार असे. लहानपणी दादाने फोडलेल्या काचेबद्दल त्याने हो म्हटलं होतं आणि मार खाल्ला होता. स्वतःचं गॅरेज टाकायचं सोडून ट्रक चालवायलाही हो म्हटलं होतं. हो म्हटलं की घरात शांतता राहते, हे त्याला फार लवकर समजलं होतं आणि पुढे आणखी काही समजून घ्यायची गरज पडली नव्हती.

त्याने दादाकडे पाहिलं. मग चिमणीच्या सुजलेल्या मनगटाकडे.

"हलत होता," तो म्हणाला.

"काय?"

"मागचा डावा. मी पाय ठेवून बघितला, हलत होता. गवंडी म्हणाला, काढून परत बसवू, दोन दिवस लागतील. मी वर येऊन तुला सांगितलं, दादा. तू फोनवर होतास. म्हणालास, उद्या पाहुणे येतायत, सिमेंट वाळलं की बसेल."

रस्त्यावरून एक रिकामा टेम्पो खडखडत गेला.

"मी... म्हणालो असेन," दादा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा त्याच्या वयाचा वाटला. "मग तू परत का नाही बोललास?"

"तू म्हणालास बसेल."

मिस्त्रीने हातातली काड्यापेटी भिंतीवर फेकून मारली. "भाऊ, अरे, मी दर शुक्रवारी तुझ्यासमोर याच पाटावर काटा ठेवत होते! तू चहा घेऊन शेजारी उभा असायचास! एक शब्द? एक शब्द जड झाला तुला?"

"मला वाटलं, बसला असेल."

वहिनीने जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप उघडला. "मी लिहितेय," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "पाट कुणी हलवायला सांगितले, कुणी घाई केली, मोजायचं कुणाकुणाचं राहिलं. आणि ड्रायव्हरने पहिल्या दिवसापासून दोष बरोबर सांगितला होता, हे सगळ्यांत वर. तुमचं नाव घालू का टीमप्रमुख एवढंच लिहू?"

दादा टायरांच्या ढिगावर बसला. तोंडावरून हात फिरवला. "नाव घाल," तो म्हणाला. "चूक माझी आहे. घाल नाव."

हे वाक्य त्या हॉलमध्ये कुणी कधी ऐकलं नव्हतं. मिस्त्रीला त्याच्यासाठी वाईट वाटलं आणि आपल्याला वाईट वाटतंय याचाच तिला संताप आला. मोठ्या माणसाने एकदा चूक कबूल केली की सगळ्यांचे डोळे भरून येतात. जी सहा शर्यती शिव्या खात होती तिच्यासाठी कुणाचे भरले होते?

पण चिमणी दादाकडे बघतच नव्हती. ती बापासमोर जाऊन उभी राहिली होती.

"दुसऱ्या शर्यतीनंतर आपण ट्रकमध्ये होतो, बाबा. परत येताना. मी रडत होते. मी विचारलं, माझं काय चुकतंय, सांगा ना. आठवतंय?"

मधल्याने मान खाली घातली.

"तुम्ही म्हणालात, जरा दमाने चालवत जा."

"मला ते जोडता आलं नाही गं. पाट आणि तुझं ते... मला वाटलं..."

"चौथ्या शर्यतीनंतर परत विचारलं. तुम्ही म्हणालात, काकाचं ऐक, तो अनुभवी आहे. मी आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या घालायचे. रात्री झोपेत वळणं घ्यायचे. मला खरंच वाटायला लागलं होतं की मला येत नाही. आणि तो पाट हलतो हे या अख्ख्या घरात एका माणसाला माहीत होतं."

मधल्याने तिच्या मनगटाकडे हात नेला. तिने मनगट मागे घेतलं.

"रविवारी गाडी मी चालवणार," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "उरलेल्या चारही शर्यती मीच. पण ट्रक बाबा चालवणार नाहीत. शर्यतीला ते यायचे नाहीत. माझ्या गाडीला त्यांनी हात लावायचा नाही."

"अगं!" दादा टायरांवरून उठलाच. "मी म्हटलं ना चूक माझी आहे? राग माझ्यावर काढ. त्याला कशाला शिक्षा? सख्खा बाप आहे तो तुझा!"

"म्हणूनच," चिमणी म्हणाली. "तुमच्याकडून मला कसली अपेक्षाच नव्हती, काका."

दादा पुन्हा टायरांवर बसला. वहिनीची बोटं थांबली. मिस्त्रीला वाटलं, आता भाऊ काहीतरी बोलेल. चिडेल. ट्रक माझा आहे म्हणेल, मुलगी माझी आहे म्हणेल, मी येणारच म्हणेल. चिमणीलाही तेच वाटत असावं, कारण बोलून झाल्यावरही ती जागची हलली नाही. हनुवटी वर करून बापाच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

मधल्याने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला.

ती आणखी थोडा वेळ थांबली. मग वळली, मिस्त्रीच्या हत्यारांतून छिन्नी-हातोडी घेतली आणि सुजलेल्या हातानेच मागच्या डाव्या पाटाभोवतीचं सिमेंट फोडायला बसली.